मंडळाची भिंत

३ मार्च

मावशीस,

तुझं पत्र मिळालं. मुकादमाने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर हातात दिलं, त्यामुळे आता गोदीभर झालंय की याचंही कुणीतरी आहे. पाकिटावरचं अक्षर औषधाच्या बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखं, उभं आणि सरळ. न फोडता ओळखलं.

तीन वर्षांपूर्वी मी 'पोचलो' एवढंच लिहून कार्ड टाकलं होतं. त्यावरून तू पत्ता घेतलास. खोली तीच आहे आणि मुकादम खालीच राहतो म्हणून मिळालं, नाहीतर कामं मी दोनदा बदलली. आधी पुलाचे कठडे रंगवत होतो, मग पाण्याच्या टाक्या, आता जहाजं. एका जागी बूड टेकत नाही म्हणायचीस, तेव्हा यात तुला नवीन काही नाही.

मी कसा आहे असं तू विचारलं नाहीस. बरं केलंस. मीही विचारत नाही.

आता कामाचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कारण त्यात कायद्याचे शब्द फार. मला समजलं ते असं. आपला दवाखाना नगरपालिका चालवते. तो बघायला नगरपालिकेने रुग्णालय मंडळ नेमलं. आणि ते मंडळ इतकी वर्षं कायद्याच्या लेखी नव्हतंच. म्हणजे बारा खाटा होत्या, तू मेट्रन होतीस, कंपाउंडर होता, डॉक्टर अधूनमधून होते, फक्त मंडळ नव्हतं. मला हसूच आलं. गवंडीकाका वीस-बावीस वर्षं अध्यक्ष आहेत, ते मग कशाचे?

आता नवा कायदा आलाय आणि अशा मंडळांची नोंदणी होणार. नोंदणी झाली की मंडळाला स्वतः डॉक्टर नेमता येईल, दवाखान्याची जागा त्याच्या नावावर होईल, जन्म-मृत्यूच्या दाखल्यावर त्याची सही चालेल. पण स्थापनेपासूनचे मूळ ठराव सह्यांसकट दाखवायला हवेत, तीस एप्रिलच्या आत. नाही दाखवले तर दवाखाना जिल्ह्याकडे जाणार. मग खाटा उचलणार, आठवड्यातून दोनदा कुणीतरी येऊन गोळ्या वाटून जाणार आणि बाळंतिणीने चाळीस किलोमीटर जायचं. त्या रस्त्याने मी टेम्पोतून गेलोय. धडधाकट माणसाची हाडं मोजून होतात.

आणि आपले ठराव होते कपड्यांच्या खोलीतल्या भिंतीवर.

इथल्या पोरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं त्यांना. मग मी सुरुवातीपासून सांगतो. मंडळ नेमलं त्याच महिन्यात पूर आला आणि पहिला ठराव लिहायच्या आतच सगळी दप्तरं वाहून गेली. गवंडीकाका म्हणाले, माझा कागदावर विश्वास उडाला, मी बांधलेली भिंत मात्र जागेवर आहे. तेव्हापासून पुराच्या रेषेच्या वर, काळ्या ऑइलपेंटने, दोन नंबरच्या ब्रशने एकेक ठराव लिहायचा आणि खाली सगळ्यांनी ब्रशनेच सह्या करायच्या. खालची जागा भरली तशी शिडी आली. उपाध्यक्ष शिडीवर चढेनात, म्हणून त्यांच्या सह्या सगळ्या छातीच्या उंचीवर आणि तिथून वर ठरावापर्यंत बाण काढलेले. एवढं ऐकलं की पोरं लोळतात हसून. वहीत उतरवून ठेवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. भिंतीवर आहे की, म्हणायचे.

मी वाचायला शिकलो तो त्या भिंतीवर, हे मात्र त्यांना सांगत नाही.

तू विचारतेस, भिंत कुणी रंगवली, मला काही ठाऊक आहे का. तीन वर्षांपूर्वी तपासणीआधी दवाखाना रंगवायचा ठेका उस्तादचा होता, म्हणून सगळे त्याचं नाव घेतात. मी त्याच्या हाताखाली होतो खरा, पण मी वॉर्डात होतो. आता आठवत नाही.

उस्तादला नगरपालिकेने काम देणं बंद केलंय म्हणतेस, ते कधीपासून? तो काही बोलला का? आणि भिंतीला पोपडे आलेत का? खिडकीखाली, उजव्या कोपऱ्यात?

तुझा,
गाठोड्या


१५ मार्च

मावशीस,

दोन ओळींचं पत्र पाठवायला तिकीट लागतंच, एवढं तरी बघायचंस. "उजव्या कोपऱ्यात पोपडे आहेत. तुला कसं ठाऊक?"

थर्मामीटर झटकायचीस आणि नुसती बघत राहायचीस. आजारी नसताना झोपून राहिलेला माणूस आपणहून उठून बसायचा. तसंच झालंय मला.

भिंत मी रंगवली.

उस्तादचा काही संबंध नाही. त्याने मला वॉर्ड आणि व्हरांडा दिला होता आणि कपड्यांच्या खोलीला हात लावायचा नाही म्हणून दोनदा बजावलं होतं. दुपारी तो जेवायला गेला तेव्हा मी केली. तासाभरात. का केली ते विचारू नकोस. घाई झाली, डोकं फिरलं, काय वाटेल ते समज. संध्याकाळच्या गाडीने मी निघालो ते तुला ठाऊक आहेच.

उस्तादला मी वेगळं पत्र टाकलंय. तू गवंडीकाकांना सांग, आणि कंपाउंडरला, म्हणजे गावाला वेगळं सांगायला नको.

आता नीट वाच, कारण हे मला येतं. भिंत गेलेली नाही.

शहाण्या रंगाऱ्याने आधी भिंत घासली असती, मग प्रायमर, मग रंग. मी यातलं काही केलं नाही. हाताला लागलं ते पातळ डिस्टेंपर फासलं आणि ते सुकायच्या आत त्यावर हिरवा ऑइलपेंट ओढला. डिस्टेंपरवर ऑइलपेंट कधी धरत नाही. नुसती साय धरते वरती. म्हणूनच पोपडे विचारले. खालची अक्षरं ऑइलपेंटची आहेत आणि चांगली वीस वर्षं मुरलेली. त्यांना पाण्याने काही होत नाही, मधल्या डिस्टेंपरला होतं. इथे जहाजाचा जुना रंग काढताना खालून आधीचं नाव निघतं, त्याखालून त्याच्याही आधीचं. एका जहाजाची तीन नावं निघाली. मुकादम म्हणाला, बायको पळवलेली दिसते कुणाची तरी. तर रंगाखालचं राहतं, हे मी रोज बघतोय.

करायचं असं. जुन्या चादरी कोमट पाण्यात भिजवून पिळायच्या आणि पोपड्याच्या कडेला तासभर लावून ठेवायच्या. पाणी कडेनेच आत जाईल, वरून जाणार नाही. मग बोटाने साय उचलायची. येईल तेवढीच. अडली की थांबायचं आणि पुन्हा चादर. खालचा पांढरा चिखल ओल्या फडक्याने टिपायचा, घासायचा नाही. पातं लावायचं नाही. थिनर तर खोलीतसुद्धा आणायचं नाही, ते अक्षरं घेऊन जाईल. दिवसाला एक हात भिंत झाली तरी पुष्कळ. तीस एप्रिलच्या आत होते.

हे कंपाउंडरच्या हातात देऊ नकोस. त्याला गाठसुद्धा कात्रीने सोडवायची सवय आहे.

गाठोड्या


३० मार्च

मावशी,

सांगितलं होतं ना, कंपाउंडरच्या हातात देऊ नकोस म्हणून.

पातं लावलंच त्याने. आणि चादरी भिजवायला म्हणे उपकरणं उकळायच्या भांड्यातलं कढत पाणी. ठराव नऊच्या सह्या गेल्या ते वाचून मी ब्रश टाकून उठलो. ठराव नऊ म्हणजे बैठकीत रुग्णांच्या खुर्च्या घ्यायच्या नाहीत तो. त्यामुळेच मंडळाच्या बैठका उभ्याने व्हायच्या आणि लवकर संपायच्या. पुन्हा बसून बैठका व्हायला लागल्या तर पाप त्याच्या माथी.

तू स्वतः करते आहेस हे बरं झालं. रोज पाळी संपल्यावर दोन तास, म्हणजे पायांचे हाल होत असतील. शिडीवर तू चढू नकोस. वरचं गवंडीकाकांच्या नातवाला करू दे, त्याचा हात हलका आहे असं तूच लिहिलंस. खालचं मात्र तू कर. एकटी.

खालचं म्हणजे चादरींच्या मांडणीमागचं. तिथे अजून पोचली नसशील. पोचशील तेव्हा तुला कळेलच, म्हणून आधी मी लिहितो. आणि तू पुन्हा विचारलंस ना, का केलं म्हणून.

ती मांडणी माझ्या आठवणीत कधी हलली नव्हती. त्या दिवशी व्हरांड्यातला रंग चादरींवर उडू नये म्हणून त्या झाकायला गेलो आणि जागा करायला मांडणी ओढली. मागे दहाच्या पुढचे जुने ठराव. मी एकेक वाचत गेलो, गंमत म्हणून. एकात स्ट्रेचर घेणे, एकात विहिरीला झाकण करणे. मग सतरा.

पाठ आहे मला. कविता कधी पाठ झाली नाही, पण हा एकदा वाचून झाला.

"ठराव क्रमांक १७. आपल्या दवाखान्यात दिनांक ९ रोजी बाळंत झालेली बाई दुसऱ्या दिवशी वारली. डॉक्टरची जागा रिकामी होती. बाई कामाच्या शोधात वाटेने चाललेली होती, नातेवाईक आढळले नाहीत. मूल मुलगा, वजन सव्वादोन किलो. मेट्रनबाईंनी मूल सांभाळण्यास नकार दिला. चर्चा होऊन सर्वानुमते ठरले की मूल मंडळाचे असून अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मेट्रनबाईंच्या देखरेखीखाली राहील. सूचक, अध्यक्ष. अनुमोदक, कंपाउंडर."

खाली सात सह्या. शेवटची तुझी, तीही इतरांच्या सह्यांपासून जरा लांब.

मी तुला मावशी म्हणायचो ती खरीखुरी मावशी समजून. आईची बहीण. शाळेत कुणी विचारलं तर सांगायचो, माझी आई आणि ही एकसारख्या दिसायच्या. कुठून काढलं होतं देव जाणे. तू कधी नाही म्हणाली नाहीस. गाठोड्या हे नावसुद्धा मला लाडाचं वाटायचं. चादरींच्या गाठोड्यांमध्ये झोपायचो म्हणून. तिथे उभ्याउभ्या कळलं की मी खरंच गाठोडंच होतो, कुणीतरी दवाखान्यात विसरलेलं. आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं. ज्यांच्या ज्यांच्या सह्या त्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं आणि एकाचीही जीभ घसरली नाही.

महिनाभर आधीच मला अठरा पूर्ण झाली होती. म्हणजे मुदतही संपलेली.

डबा उचलला आणि फासला. बाकीचे एकशे अकरा ठराव त्याच्याबरोबर गेले, त्याचा विचार केला नाही. एवढा एकच पुसला तर लोकांना कळेल की मी वाचला. सगळी भिंतच गेली तर रंगाऱ्याचा गाढवपणा ठरेल. अक्कल तेवढीच चालली.

आणि आता तू लिहितेस की कायद्याने मंडळ नव्हतंच. मग मला सांग, मी कुणाचा? मंडळाचा म्हणावा तर मंडळ नाही.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. खालची बाजू जपून काढ.

गाठोड्या


१२ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन मी जहाजाच्या पोटाला तांबडा रंग देत होतो. जहाजाखाली आडवं झोपून काम करावं लागतं, कुणी तोंड बघत नाही. सोयीचं पडलं.

मला वाटलं होतं तू लिहिशील, तसं नव्हतं रे, तो नकार वेगळा होता, गवंडीकाकांनी चुकीचं लिहिलं. मी मनातल्या मनात तुझ्यासाठी चार-पाच कारणं तयारसुद्धा ठेवली होती. त्यातलं एक तरी घ्यायचंस.

तू लिहिलंस, "होय, नकार दिला होता. मी चोवीस वर्षांची होते. तुझी आई माझ्या हातात गेली. तिचं मूल रोज डोळ्यांसमोर नको होतं मला."

पुढचं मी आता न बघता म्हणू शकतो. मंडळ उभ्याने वाद घालत होतं, अनाथाश्रमात पाठवायचं की ठेवायचं, आणि मी मांडणीवर चादरींत रडत होतो. तुझ्या डोक्यात एकच चाललं होतं की याला दूध द्यायची वेळ टळून गेली. सही केल्याशिवाय ते हलणार नाहीत, म्हणून तू ब्रश घेतलास, सही केलीस आणि मला उचलून बाहेर गेलीस. ठराव पुरता वाचलाही नव्हतास. मुदत अठरा वर्षांची आहे हे तुला आता, साय काढताना कळलं.

हे मी त्या चार-पाच कारणांत धरलं नव्हतं.

मावशी म्हणायला तूच शिकवलंस, असंही लिहिलंस. आई म्हणवून घ्यायला मन धजेना, ती जागा तिची होती. म्हणून शेजारची घेतलीस. रागावलो नाही असं लिहीत नाही, कारण थोडा आहे. सगळं गाव गप्प राहिलं त्याचा आहे. पण तू खरं लिहिलंस त्याचा नाही.

उस्तादचं पत्र आलं. त्याने शेजाऱ्याकडून लिहून घेतलंय, पण शिव्या त्याच्याच. त्याला म्हणे पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. डिस्टेंपरवर ऑइलपेंट मारणारा गाढव गावात दुसरा नाही. मग तीन वर्षं बोलला का नाही, तेही मी न विचारता लिहिलंय. त्यावर एकच ओळ आहे: शिकवलं मी, तर भोगायचं कुणी? नगरपालिकेने त्याला पुन्हा काम दिलं की मला दोन शब्दांचं कार्ड टाक.

आता नोंदणीच्या अधिकारीबाईंचं.

त्या आल्या, शिडीवर चढून सगळी भिंत वाचली, बाणसुद्धा, आणि हसल्या नाहीत. तू लिहितेस म्हणजे खरं असेल. कायद्यात नोंदवही म्हटलंय, पण वही कागदाचीच हवी असं कुठे म्हटलेलं नाही, असं त्या स्वतःच म्हणाल्या. मला बाई आवडल्या. पण पुढे त्यांनी विचारलं ते बरोबरच आहे. ही अक्षरं तुम्ही गेल्या महिन्यात काढली नाहीत कशावरून? मंडळाच्या लोकांनी हो म्हणून उपयोग नाही. ठरावाप्रमाणे झालेलं एक तरी काम दाखवा, किंवा ज्याच्यावर ठराव लागू झाला असा बाहेरचा माणूस उभा करा. त्याने समक्ष जबाब दिला तर त्या नोंदणी करतील, नाही दिला तर त्यांचे हात बांधलेले. स्ट्रेचर मोडलं, विहीर बुजवली. खुर्च्यांच्या ठरावाच्या सह्या कंपाउंडरने खाल्ल्या.

तुझ्या पत्राच्या खाली गवंडीकाकांनी लिहिलंय, एक ठराव अजून चालता-फिरता आहे.

आणि त्यांच्याही खाली तू पुन्हा लिहिलंस, "काकांचं मनावर घेऊ नकोस. मी तुला यासाठी बोलावणार नाही. एकदा तुला न विचारता तुझ्यावर ठराव झाला. दुसऱ्यांदा होऊ देणार नाही. दवाखान्याचं काय व्हायचं ते होईल."

बारा खाटा जातील आणि तू म्हणतेस काय व्हायचं ते होईल. आता वॉर्डात किती बायका आहेत? पाच? मला बोलावत नाहीस ते ठीक, पण त्यांच्या वतीने तू नाही कशी म्हणतेस?

मला थोडा वेळ दे. चार माणसांपुढे उभं राहून, मी तो सव्वादोन किलोचा, असं म्हणायचं सोपं नाही.

गाठोड्या


२२ एप्रिल

मावशी,

रजा मिळाली. मुकादमाने विचारलं, कुणाचं लग्न? म्हटलं, लग्न नाही, सही करायची आहे. त्याने डोळे बारीक केले. सहीला चार दिवस? नावात अक्षरं तरी किती तुझ्या? शेवटी दिली, पण परत आलो तरच पुढचं जहाज, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी आत्तापर्यंत कुठल्याच कामावर परत गेलेलो नाही हे त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसतं.

सत्तावीसला दुपारच्या गाडीने पोचतो. अठ्ठावीसला अधिकारीबाईंसमोर. गाडीवर कुणाला पाठवू नकोस. दवाखान्याची वाट मला येते.

काकांना लिहिलं होतं, जबाब कसा लिहायचा म्हणून. त्यांनी कळवलं, जसं घडलं तसं लिही, आणि थोडक्यात. मला लिहायची एकच तऱ्हा येते, भिंतीवरची, तर तशीच लिहिली आहे. सोबत जोडतो. काकांना आणखी एक गोष्ट विचारली होती. त्यांचं उत्तर जबाबात शेवटी आहे.

तिथे वाचून दाखवायच्या आधी तू वाच. तुला नको असेल तर मी आल्यावर दारातच सांग, फाडून टाकू आणि दुसरा लिहू. पण एक शब्दही बदलायला सांगू नकोस. एक तर सगळा, नाहीतर काही नाही.

गाठोड्या


नोंदणी अधिकारी यांस,

मी खाली सही करणारा, वय एकवीस, धंदा जहाजं रंगवणं, खरं सांगतो ते असं.

दवाखान्याच्या कपड्यांच्या खोलीतल्या भिंतीवर जो ठराव क्रमांक सतरा आहे त्यातलं मूल म्हणजे मी. जन्म, दिनांक आणि वजन त्यात आहे ते बरोबर. आईचं नाव त्यात नाही, कारण ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती भिंत तीन वर्षांपूर्वी मी रंगवली. ठेका घेणाऱ्या रंगाऱ्याचा त्यात काही दोष नाही. मी रंगवली तेव्हा ठराव क्रमांक एक ते एकशे बारा भिंतीवर होते, ते मी वाचले होते, आणि आता आहेत ते तेच आहेत. नऊच्या सह्या तेव्हा होत्या.

ठरावाप्रमाणे काम झालं का, असा आपला प्रश्न आहे. झालं. जुन्या चादरींची माझी झबली झाली, त्यावर दवाखान्याचा शिक्का तसाच होता. शाळेत नाव घालताना अध्यक्षांनी पालकाच्या जागी 'मंडळ' असं लिहिलं, ते मास्तरांनी खोडून मेट्रनबाईंचं नाव लिहिलं. उपाध्यक्षांनी मला पोहायला शिकवलं. ते स्वतः पाण्यात उतरले नाहीत, काठावरून ओरडून शिकवलं, पण मला येतं. गोवर आला तेव्हा कंपाउंडर नऊ दिवस माझ्याशी पत्ते खेळला आणि नऊही दिवस हरला. पाचवीत शाळा सुटली त्याला मंडळ जबाबदार नाही. मेट्रनबाईंनी मला दोनदा मारलं. एकदा मी औषधाच्या कपाटाची किल्ली घेतली म्हणून, आणि एकदा दवाखान्याच्या गच्चीच्या कठड्यावरून चाललो म्हणून. दुसऱ्या वेळी त्या मारताना रडत होत्या.

जन्मल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी त्या इमारतीत वाढलो. मंडळ नव्हतं असं कायदा म्हणत असेल तर मला कुणी वाढवलं, ते कायद्याने सांगावं.

तरी एक बाब आपल्या नजरेस आणणं भाग आहे. ठराव जसाच्या तसा पाळला गेलेला नाही. ठरावात 'अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत' असं स्पष्ट आहे. माझी अठरा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी मेट्रनबाईंची जबाबदारी संपली. त्यानंतर मी न सांगता निघून गेलो. असं असताना त्यांनी या तीन वर्षांत दर थंडीच्या आधी माझी गादी उन्हात घालून पुन्हा जागेवर ठेवली, असं कंपाउंडर कळवतो. या महिन्यात त्यांनी मला पत्राने विचारलं की, जहाजाखाली काम करताना नाकाला फडकं बांधतोस ना. भिंत साफ करताना ठराव सतराचा भाग त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिला नाही, आणि मुदतीची ओळ वाचल्यावरही हे सगळं थांबवलेलं नाही.

याबाबत मंडळाचा कोणताही ठराव झालेला नाही, असं अध्यक्ष लेखी कळवतात. म्हणजे तीन वर्षं हे काम विनामंजुरी चालू आहे.

तरी मंडळाची नोंदणी होताच पहिल्या बैठकीत या जादा कामास मागील तारखेपासून मंजुरी द्यावी, आणि यावेळी त्यात मुदत घालू नये, ही विनंती.